शेवटच्या सात सेकंदांत हुकलेला कॅमेरा

पत्र थोडक्यात असं: एका वाचकाला फिल्मवर चालणारा जुना कॅमेरा घ्यायचा आहे. सर्व्हिसिंग केलेला, वॉरंटीसह मिळणारा कॅमेरा महाग वाटला, म्हणून ते पहिल्यांदाच ऑनलाइन लिलावात उतरले. दोनदा बोली लावली आणि दोन्हीदा हरले. दुसऱ्या खेपेला तर सात सेकंद उरले असताना कुणीतरी मध्ये घुसलं आणि अगदी थोड्या फरकाने कॅमेरा घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांना मेसेज आला: "जिंकणाऱ्याने माघार घेतली आहे. तुमच्या शेवटच्या बोलीला कॅमेरा तुम्हाला देतो. साइटचं कमिशन वाचावं म्हणून पैसे थेट खात्यावर पाठवा. आज संध्याकाळपर्यंत कळवा." त्यांचे तीन प्रश्न आहेत. हे पैसे पाठवावेत का? शेवटच्या क्षणी आपोआप बोली लावणारं सॉफ्टवेअर घ्यावं का? आणि 'मी यात इतका कच्चा का पडतोय?' सोबत त्यांनी तीन दिवसांत संपणाऱ्या आणखी एका लिलावाचे फोटो जोडले आहेत.

पैसे पाठवू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल. म्हणूनच एवढी एक ओळ मी तुम्हाला आधीच वेगळी कळवली होती.

आता कारण सांगते. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला वस्तू देऊ करणं ही काही साइटवर रीतसर सोय आहे, त्यामुळे मेसेज वाचून तुम्हाला तो खरा वाटला यात तुमचं काही चुकलं नाही. पण ती खरी ऑफर तुमच्या खात्यात दिसते. तिथेच ती स्वीकारायची असते आणि पैसेही साइटच्याच पानावरून भरायचे असतात. तुम्हाला आलेला मेसेज साइटबाहेरून, भलत्याच फोन नंबरवरून आला, त्यात घाई होती आणि कमिशन वाचवायचं आमिष होतं. कमिशन वाचलं तर दोघांचंही वाचेल, संरक्षण मात्र फक्त तुमचं जाणार. साइटबाहेर पैसे दिले की साइटच्या दृष्टीने तो व्यवहार झालेलाच नसतो, मग तक्रार कुणाकडे नेणार? शिवाय थेट खात्यावर पाठवलेले पैसे परत मिळवणं हे कार्डावरचा व्यवहार वादात टाकण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

बरं, घटकाभर धरून चालू की मेसेज खऱ्या विक्रेत्याचाच आहे. तरीही मी हात आखडता घेईन. ज्याने शेवटच्या क्षणी तुम्हाला मागे टाकलं, तोच जिंकून दुसऱ्या दिवशी नाहीसा झाला. तो होता तरी कोण? कदाचित खरंच मन बदललेला कुणी असेल. कदाचित विक्रेत्याचाच माणूस असेल, किंमत फुगवायला बसवलेला. २००० साली ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर एका चित्राची बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली होती, कारण ते रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचं असावं असा लोकांचा समज झाला. विक्रेत्याने स्वतःच दुसऱ्या नावाने बोली लावल्याचं उघड झालं आणि ईबेने विक्री रद्द केली. हा प्रकार बहुतेक साइटवर निषिद्ध आहे, तरी होतो. म्हणून साइटच्या आतून ऑफर आली तरी 'माझी शेवटची बोली' ही योग्य किंमत आहे असं समजू नका. ती किंमत कदाचित अशाच कुणीतरी फुगवलेली असेल.

आता तुमच्या सात सेकंदांकडे येते. पत्राचा अर्धा भाग त्यांनीच व्यापला आहे.

तुम्ही लिहिता, "शेवटच्या क्षणी कुणीतरी डाव साधला." मला तसं वाटत नाही. असल्या साइटवर बोली कशी चालते ते नीट पाहा. तुम्ही तुमची कमाल रक्कम लिहिता. साइट ती कुणाला दाखवत नाही. ती तुमच्या वतीने फक्त गरजेपुरती वर चढते. तुम्ही ५०० लिहिले, समोरच्याची कमाल ३२० असेल आणि बोली वाढवायचा टप्पा १० चा असेल, तर वस्तू तुम्हाला ३३० ला पडते, ५०० ला नाही. म्हणजे जिंकणारा जवळपास दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे देतो. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच अशा लिलावाचं गणित मांडलं होतं. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते वारले. त्यांच्या गणिताचा तुमच्या-माझ्या कामाचा भाग एवढाच, की एकमेकांची बोली न दिसणाऱ्या अशा लिलावात आपल्याला वस्तू खरोखर जितक्याची वाटते तो आकडा सरळ लिहून टाकणं हाच शहाणपणा. कमी लिहून वाचत काही नाही, कारण आपण किती द्यायचे ते दुसऱ्याच्या आकड्यावर ठरतं.

तुम्ही मात्र तसं केलं नाहीत. पत्रात सगळा क्रम आहे: आधी एक बोली, मग मागे पडल्याचा मेसेज, मग थोडी वाढ, पुन्हा मेसेज, पुन्हा वाढ. रात्री जेवण सोडून फोन हातात. अशा वेळी आपण वस्तूची किंमत ठरवत नसतो, समोरच्याला उत्तर देत असतो. 'तू कोण मला मागे टाकणारा?' अशी ईर्षा चढते. साइटही 'तुम्ही मागे पडलात!' असा लाल रंगात मेसेज धाडून त्या ईर्षेला खतपाणी घालते, कारण तिचा धंदा त्यावरच चालतो.

तेव्हा मी एकच विचारते आणि उत्तर मनातल्या मनात द्या. ज्या किमतीला तो कॅमेरा गेला, त्याहून एक टप्पा वर द्यायला तुम्ही आनंदाने तयार होतात का? असाल, तर तोच आकडा आधी का लिहिला नाहीत? आणि नसाल, तर तुम्ही हरलात कशात? कॅमेरा तुम्हाला नको असलेल्या किमतीला दुसऱ्या कुणीतरी घेतला, एवढंच झालं.

शेवटच्या क्षणी बोली लावण्यात काहीच अर्थ नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना छापली. ईबेचा लिलाव ठरल्या वेळी संपायचा. अॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ आणखी वाढायची. शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त होती. कारण उघड आहे. समोर तुमच्यासारखा टप्प्याटप्प्याने चढणारा असेल, तर उशिरा बोली लावून त्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही. जाणकारांना आणखी एक फायदा होतो: आपल्या बोलीवरून 'हा माल चांगला दिसतोय' हे इतरांना कळत नाही. पण याच युक्तीत धोकाही आहे. नेट अडखळलं की बोली पोचतच नाही.

म्हणून आधी साइटचा नियम वाचा. वेळ वाढत असेल, तर सेकंदांचा खेळ तिथे निरर्थक आहे. वेळ ठरलेली असेल, तर शेवटच्या काही मिनिटांत एकदाच, तुमचा पूर्ण आकडा टाका आणि फोन उलटा ठेवा. सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. त्यातली बरीचशी तुमच्या खात्याचा पासवर्ड मागतात, आणि ज्या खात्याला तुमचं कार्ड जोडलेलं आहे त्याच्या किल्ल्या अनोळखी माणसाकडे देण्याइतका कुठलाच कॅमेरा मोलाचा नसतो. शिवाय काही साइटवर असली अवजारं चालत नाहीत.

आता खरं काम राहिलं: तो पूर्ण आकडा काढायचा कसा? तुमचे आकडे मी ओळख पटू नये म्हणून बदलते, पण प्रमाण तेच ठेवते. सर्व्हिसिंग केलेला, वॉरंटीसह मिळणारा कॅमेरा १००० ला आहे असं धरू. त्या हिशेबात तुमची शेवटची बोली होती ६९०. 'तीनशे वाचले असते,' असं तुम्ही हळहळून लिहिता. चला, ते तीनशे शोधू. तुम्ही ज्या साइटवर आहात तिथे खरेदीदाराकडून बोलीवर १५ टक्के जादा घेतात, नियमांच्या पानावर ते लिहिलेलं आहे. (ही पद्धत ऑनलाइन काळातली नाही बरं का. लंडनच्या क्रिस्टीज आणि सदबीज या लिलावघरांनी १९७५ मध्येच ती सुरू केली.) म्हणजे ६९० चे झाले ७९३. पार्सलखर्च ८०, झाले ८७३. जुना कॅमेरा, म्हणजे सर्व्हिसिंग ठरलेलंच. तुम्हीच चौकशी केलेला दर धरला तर २५०. बेरीज ११२३. आणि वॉरंटी नाही. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच. वस्तू परदेशातून येणार असेल तर सीमाशुल्क यावर आणखी.

हिशेब उलट्या दिशेने करायचा असतो. १००० मधून २५० आणि ८० काढा, उरले ६७०. त्याला १.१५ ने भागा, आले ५८२. आता यात जोखमीचे वजा करा, कारण न पाहता घेतोय आणि बिघडला तर आपलाच. मी असते तर ५२० च्या वर गेले नसते. तो आकडा कागदावर लिहायचा आणि लिलाव संपेपर्यंत कागद बदलायचा नाही.

यात तुम्ही एकटेच फसलात असं समजू नका. उलरिके मालमेंडिअर आणि यंग हान ली या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका बोर्ड गेमचे ईबेवरचे लिलाव तपासले. तोच खेळ त्याच वेळी त्याच साइटवर ठरावीक किमतीला लगेच मिळत होता. तरीही ४२ टक्के लिलावांत बोली त्या किमतीच्या वर गेली. दुसरं पान उघडून पाहण्याचे कष्ट न घेणारे थोडेच होते. पण लिलावात जिंकतो कोण? तेच. तेलकंपन्यांचंही असंच झालं होतं. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांसाठी कंपन्या बोली लावत, तेव्हा जमिनीखाली किती तेल आहे याचा प्रत्येकीचा अंदाज वेगळा असे. पट्टा मिळे सर्वांत फुगवून अंदाज केलेल्या कंपनीला. १९७१ मध्ये तीन अभियंत्यांनी हे लिहून काढलं आणि 'जेत्याचा शाप' हा शब्द रूढ झाला. तुमच्या लिलावात दहाजण असतील आणि तुमचीच बोली सर्वांत वर असेल, तर एक शंका मनात येऊ द्या: बाकी नऊजणांना फोटोत असं काय दिसलं, जे मला दिसलं नाही?

फोटोंवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी मी लाकडी बुद्धिबळाचा एक जुना संच लिलावात घेतला. फोटोत घोड्याची आयाळ सुद्धा कोरलेली दिसत होती, काय तो रुबाब! पार्सल आलं ते चष्म्याच्या घराएवढं. राजा माझ्या अंगठ्यापेक्षा लहान. तणतणत तक्रार लिहायला बसले, आणि पुरावा म्हणून वर्णन उघडलं तर दुसऱ्याच ओळीत राजाची उंची सेंटीमीटरमध्ये दिलेली होती. मी ती वाचलीच नव्हती, कारण तेव्हा मी घड्याळ बघत होते. संच अजून आहे. पाहुण्यांची मुलं खेळतात.

ईबेचा पाया १९९५ मध्ये घातला गेला आणि तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. संस्थापक पिअर ओमिडयार यांनी घेणाऱ्याला आवर्जून विचारलं, की तो मोडका आहे हे लक्षात आलं ना? उत्तर आलं, मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. असं विचारणारा विक्रेता तुम्हाला क्वचितच भेटेल. 'जसा आहे तसा', 'तपासलेला नाही', 'मला यातलं फारसं कळत नाही', 'घरातल्या कपाटात सापडला' ही वाक्यं खोटी नसतीलही, पण त्यांचा व्यवहारातला अर्थ एकच: बिघाड निघाला तर तो तुमचा. 'तपासलेला नाही' असं दिसलं की मी तो बंदच आहे असं धरून आकडा काढते. ज्याच्याकडे बॅटरी घालून पाहायला दोन मिनिटं नव्हती, त्याने बहुधा पाहिलेलं असतं.

प्रश्न विचारायला लाजू नका, आणि ते साइटच्याच चॅटमध्ये विचारा, म्हणजे लेखी राहतात. "चालतो का?" हा प्रश्न नव्हेच, त्याचं उत्तर "हो" असंच येणार. जुन्या कॅमेऱ्याबाबत विचारायचं ते असं: भिंगाच्या मागून टॉर्च मारून एक फोटो द्याल का? आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. भिंगातल्या, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राची पाती कोरडी आहेत की त्यांवर तेल चकाकतंय? शटर एक सेकंदावर लावून व्हिडिओ पाठवाल का? सुस्तावलेली यंत्रणा त्याच वेगाला अडकते. मागचं झाकण उघडून कडेच्या काळ्या फोमचा फोटो हवा, तो वर्षांनी विरघळून डांबरासारखा चिकट होतो. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट बुरा आहे का? आणि कॅमेरा पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीचा असेल, तर त्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. आजची १.५ व्होल्टची घातली की अनेक मॉडेलांत प्रकाशमापक चुकतो. हे सगळे दोष निभावून नेण्यासारखे आहेत, फक्त बोलीच्या आधी कळायला हवेत. चित्र हवं असेल, घड्याळ हवं असेल, तरी रीत हीच: 'चांगलं आहे का?' नको, 'अमुक जागेचा फोटो द्या' म्हणा. फोटो दुसरीकडून उचललेला वाटला तर वस्तूशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून काढायला सांगा. खऱ्या मालकाला त्यात अडचण नसते.

विक्रेत्याच्या रेटिंगवर तुम्ही फार भिस्त ठेवलीत असं दिसतं: "९९ टक्के होतं हो!" बहुतेकांचं तेवढंच असतं. ईबेवर एके काळी दोन्ही बाजू एकमेकांना वाईट शेरा देऊ शकत. त्यामुळे तू मला चांगलं म्हण, मी तुला म्हणतो, असं चाले. २००८ मध्ये विक्रेत्यांना खरेदीदारांबद्दल वाईट शेरा देण्याची मुभाच काढून घेतली. तेव्हा टक्केवारी सोडा आणि वाईट शेरे तेवढे शोधून वाचा. त्याने आधी काय विकलंय तेही पाहा. मोबाइलच्या कव्हरवर कमावलेली दोनशे कौतुकं महागड्या कॅमेऱ्याची हमी देत नाहीत. वर्षभर गप्प असलेलं खातं अचानक दहा महागड्या वस्तू घेऊन उभं राहिलं तर दूर राहा, ते चोरलेलं असू शकतं.

वस्तू मिळालीच, तर पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. त्याच दिवशी तपासा. तक्रारीची मुदत साइटच्या पानावर दिलेली असते, ती आधी पाहून ठेवा. बिघाड दिसला की काही विक्रेते फार गोड बोलतात: "थोडं थांबा, गावाहून आलो की पाहतो." तो येतो मुदत संपल्यावर. गोड बोलणं चालू द्या आणि साइटवर तक्रारही नोंदवा.

'मी कच्चा का पडतोय?' तुम्ही दोन लिलावांत भाग घेतलात आणि एकही पैसा गमावला नाहीत. नवशिक्याची याहून स्वस्त शिकवणी मी तरी पाहिलेली नाही. फक्त आता महिनाभर बोली न लावता नुसतं बघा. विक्रीला असलेल्या नव्हे, विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी उघडा, कारण मागितलेली किंमत कुणीही काहीही लिहितो. तोच कॅमेरा पुन्हापुन्हा येताना दिसेल. 'असा पुन्हा मिळणार नाही' ही तुमच्या पत्रातली धास्ती तिथेच विरेल. हजारोंनी बनलेलं मॉडेल आहे ते. आणि हे सगळं नकोसं वाटलं, तर १००० देऊन वॉरंटीचा घ्या, त्यातही काही कमीपणा नाही. सुट्टीत फोटो काढायचेत की लिलाव शिकायचाय, हे एकदा स्वतःला विचारून बघा. मला पत्र वाचताना पहिलं वाटलं.

राहिला तिसरा लिलाव. महिनाभर थांबणं जमणारच नसेल, तर ऐका. तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. चार फोटो आहेत, चारही समोरून. मागचं झाकण उघडलेला एकही नाही. तिसऱ्यात झाकणाच्या बिजागरीपाशी काळा ओघळ दिसतोय, तो बहुतेक फोमचा आहे. विक्रेत्याला आजच झाकण उघडून फोटो मागा. आला तर ५२० चा कागद काढा आणि त्यातून फोम बदलण्याचा खर्च वजा करा. लिलाव संपेपर्यंत आला नाही, तर त्या रात्री वेळेवर जेवा.